करुणासाठी केलेली प्रार्थना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, ते जायच्या आधीच्या आठवड्यात सगळं बोलून झालं तेव्हाही नाही. पाळकसाहेबांना तर नाहीच. देवाला सांगितलं म्हणावं, तर त्याला नवीन काय सांगणार? तो त्या दिवशी तिथंच होता. आम्ही वीसबावीस बाया डोळे मिटून बसलो होतो, आणि उघड्या डोळ्यांनी बघणारा तेवढा एकच होता.

मग तुम्हाला कशाला सांगते आहे? खरं सांगू — मला माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. आमच्या गावात मला सगळे ओळखतात, आणि तीच तर पंचाईत आहे. विमलताई म्हणजे प्रार्थनेची बाई. कुणाचं ऑपरेशन असो, पोराची परीक्षा असो, नवीन घर असो — विमलताईला बोलवा, तिची प्रार्थना पोचते. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं मी, त्यामुळे आवाज खणखणीत आहे. बोलते वऱ्हाडी, पण प्रार्थनेला उभी राहिले की आपोआप पुस्तकातलं मराठी येतं तोंडात. लोकांना ते आवडतं. मलाही आवडतं. तिथूनच सुरू होतं हे सगळं, मला माझा आवाज आवडतो तिथून.

आमचं गाव तालुक्याचं, अमरावतीहून अकोल्याला जाताना मधे लागणारं. आमच्या चर्चची मंडळी लहान, साठेक घरं असतील. आमच्या पंथात बिशप नसतो. मंडळीच आपल्यातून वडील, म्हणजे कारभारी, निवडते, आणि ते वडील पाळकांबरोबर बसून सगळं ठरवतात — बाप्तिस्मा कुणाचा, लग्न कुणाचं लावायचं, प्रभुभोजनाला कुणी बसायचं आणि कुणाला काही महिने बंद ठेवायचं. बंद ठेवणं ही आमच्याकडची शिक्षा. मारत नाहीत, दंड करत नाहीत. सगळे भाकर आणि द्राक्षरस घेतात आणि तुम्ही त्याच बाकावर हात मांडीवर ठेवून बसता. बस, एवढंच. ज्याच्यावर ती वेळ आली त्यालाच विचारा म्हणजे कळेल.

आणि दुसरी गोष्ट बुधवारची. दर बुधवारी तीन वाजता आम्हा बायांची प्रार्थनासभा असायची, पाळीपाळीनं एकेकीच्या घरी. आधी गीत, मग वचन, मग विनंत्या. विनंती म्हणजे — अमकीला प्रार्थनेत घ्या, तिच्या घरी बरं चाललेलं नाही. असं म्हटलं की सगळ्या जणी 'काहून व, काय झालं?' म्हणून पुढे सरकायच्या. आमच्यात चुगली कुणी करत नाही हो. आम्ही प्रार्थनेत घेतो. हसू नका. खूप खऱ्या, जिवापाडच्या प्रार्थनाही झाल्या त्या सतरंजीवर. माझं लेकरू सहाव्या महिन्यात गेलं तेव्हा याच बायांनी मला धरून ठेवलं होतं. पण प्रार्थनेचं एक असतं. भाषणाला कुणीतरी उलट बोलू शकतं. प्रार्थनेला कोण उलट बोलणार? सगळ्यांचे डोळे बंद, माना खाली, आणि शेवटी सगळ्यांनी आमेनच म्हणायचं.

आता करुणाबद्दल सांगते. इतका वेळ टाळत होते.

करुणा सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. काळीसावळी, ठेंगणी, आणि चाल अशी की रस्त्यानं जाताना कायम कुणाच्या तरी मदतीला धावते आहे असं वाटावं. धावतच असायची ती. तिला प्रार्थना करता यायची नाही, म्हणजे चारचौघांत. दोन वाक्यांत आटपायची. "देवा, या बाईले झोप लागू दे. आमेन." संपलं! मी हसायचे तिला. ती म्हणायची, "तू हायेस न व मोठ्या प्रार्थनेले. मी भांडे घासतो." आणि खरंच घासायची. मंडळीत प्रभुभोजनाचा रस तीच करायची — काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या. वर्षानुवर्षं तिचंच काम होतं ते, आणि तिच्या स्वयंपाकघरात तो गोड वास भरलेला असायचा. मी तिथं पाटावर बसून गप्पा मारायचे. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण होती ती. हे वाक्य लिहिताना हात थांबला माझा, पण खरं आहे म्हणून लिहिते.

तिचा नवरा अचानक वारला, कामावर असतानाच. सुचेता — त्यांची एकुलती एक पोरगी — तेव्हा तेरा वर्षांची. बाप गेला आणि पोरगी बोलायची थांबली. रडली नाही, ओरडली नाही, नुसती गप्प. मग जेवण सोडलं. मग बाजेखाली जाऊन बसायला लागली. करुणानं अमरावतीच्या डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू केल्या. मंडळीनं प्रार्थना केल्या. मी केल्या — लांबलचक केल्या. तीन महिने गेले. पोरगी काडीसारखी झाली.

तेव्हा शेजारच्या कमलाबाईंनी, त्या महानुभाव पंथाच्या, करुणाला म्हटलं की चल माझ्यासोबत रिद्धपूरला, आमच्या देवस्थानाला, लेकराला आठ दिवस तिथं ठेवू. आणि करुणा गेली. मंडळीतल्या कुणालाही न सांगता, नर्सिंगच्या ट्रेनिंगला चालले म्हणून गेली. तिथल्या बायांनी त्या पोरीला आपल्या पंक्तीत बसवलं, तिचे केस विंचरले, काही विचारलं नाही. सहाव्या दिवशी सुचेता म्हणाली, "आई, भूक लागली." गोळ्यांनी झालं, जागेनं झालं, का बायांच्या मायेनं झालं — कोण सांगणार? करुणाला सांगता येत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की पोरगी बोलली आणि त्याच क्षणी ती खाली वाकली आणि तिथं डोकं टेकवलं.

हे तिनं मला एकटीला सांगितलं. मनुका गाळता गाळता सांगितलं, दोन्ही हात काळे झालेले, डोळे पुसायला हात मोकळा नाही. "म्या डोकं टेकवलं विमल. अन् आता उद्या तोच हात भाकरीले लावू काय?" मीच पदरानं तिचे डोळे पुसले. म्हटलं, "देवाले आईचं मन समजत नाही काय? लाव तू हात." म्हटलं, "कोणाले सांगजो नोको. मी नाही सांगत." बघा — किती चांगली होते मी त्या दिवशी. ते खोटं नव्हतं. त्या दिवशी मी खरंच तशी होते.

पुढे वर्षभरानं मंडळीनं ठरवलं की वडील म्हणून एक बाईही निवडायची. पहिल्यांदाच! बाप्यांनी बरीच खळखळ केली. आमचे हेच म्हणाले, "आता घरात वडील कोण ते ठरवून घ्या आधी." पण ठरलं एकदाचं. आणि मला — आता लपवून काय करू — मला वाटलं ही जागा माझीच. वचन कोण वाचतं? मी. प्रार्थना कोण करतं? मी. लेकरांची रविवारची शब्बाथ शाळा कुणी चालवली इतकी वर्षं? मनातल्या मनात नवं पांढरं लुगडंसुद्धा घेऊन ठेवलं होतं.

नावं आली दोन. माझं आणि करुणाचं. करुणानं स्वतः नव्हतं दिलं, बायांनीच दिलं. दवाखान्यात जिच्या उशाशी ती बसली नाही असं एक घर नव्हतं मंडळीत. त्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकीणबाई चपला घालता घालता कुणाशी तरी बोलत होत्या, मी मागेच होते. म्हणाल्या, "करुणाताईलाच करू या. विमलताईचं काय, त्यांची प्रार्थना आहेच की." त्यांनी काही वाईट म्हटलं नव्हतं. पण 'आहेच की' — ते दोन शब्द घरी येईपर्यंत मी मनात घोळवत राहिले. म्हणजे मी काय, भिंतीवरचं घड्याळ? आहेच की!

निवडणुकीच्या आधीचा बुधवार आला. सभा पाळकीणबाईंच्याच घरी होती. करुणाची दुपारची ड्यूटी होती, ती नव्हती. माझी पाळी शेवटची असायची नेहमी, कारण मी शेवट चांगला करते म्हणे. मी उभी राहिले, डोळे मिटले. देशासाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं. मग म्हटलं — "हे प्रभू, आमची बहीण करुणा, जी आपल्या लेकरापायी अंधारात भटकली, तुला सोडून रिद्धपूरच्या वाटेनं गेली, तिथं जिनं आपलं मस्तक नमवलं, तिला तू पदरात घे. कारण आता ती तुझ्या मंडळीची वडील व्हायला उभी आहे, आणि तिचं मन तुला ठाऊक आहे." इथं माझा गळा दाटून आला. पुढचं बोलवेना. सगळ्या आमेन म्हणाल्या. डोळे उघडले तेव्हा चिवड्याच्या बशा तशाच राहिल्या होत्या आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

पाळकीणबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "प्रेमापोटी निघून गेलं हो तोंडून," म्हणाल्या. मी रडायला लागले. मंडळीत आजतागायत ती गोष्ट अशीच सांगतात — विमलताईला राहवलं नाही, मैत्रिणीसाठी जीव तुटला आणि तोंडून निघून गेलं.

नाही गेलं निघून.

ते वाक्य मी मंगळवारी दुपारी तयार केलं होतं. शाळेतून आले, मेथीची जुडी निवडायला घेतली, आणि निवडता निवडता शब्द जुळवले. आधी रिद्धपूरचं नाव घातलं नव्हतं, नुसतं 'परक्या दारी' म्हटलं होतं. मग वाटलं, कळायचं नाही कुणाला, म्हणून नाव घातलं. 'डोकं टेकवलं' काढून 'मस्तक नमवलं' केलं, कानाला बरं वाटतं म्हणून. आणि गळा दाटून यायचा तो कुठं — 'तुला ठाऊक आहे' नंतर, आधी नाही — हेही ठरवलं. मोठ्यानं म्हणून बघितलं दोनदा. घरात कुणी नव्हतं. ज्या बायांनी तिच्या मुक्या पोरीला सहा दिवस आपल्या लेकीसारखं सांभाळलं, त्यांच्या मायेला मी अंधार म्हटलं, आणि तो शब्द मला चपखल वाटला. मुलांना निबंध शिकवणारी बाई ना मी.

झालं ते असं. वडिलांच्या सभेनं करुणाला बोलावलं. ती नाही म्हणू शकली असती. कमलाबाईंखेरीज साक्षीला कोण होतं, आणि त्या काही आमच्या सभेत येणार नव्हत्या. पण करुणा म्हणाली, "हाव, गेली होती." तिला म्हणाले, पश्चात्ताप झाला एवढं म्हण, विषय संपवू. कुणालाच तिला दुखवायचं नव्हतं हो. तर ती म्हणाली, "लेकरू बोललं माहं. त्याचा पश्चात्ताप मी कसा करू?" सहा महिने प्रभुभोजनातून बंद. नाव आपोआप गळालं. मी बिनविरोध निवडून आले.

दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली. मी दार उघडलं आणि वाटलं, कळलं हिला. ती चपला काढून आत आली, मोरीत जाऊन पाय धुतले नेहमीसारखे, आणि म्हणाली, "तू खाणंपिणं सोडलं म्हणे. काहून व? तुह्या तोंडून निघून गेलं. मी काय तुले आज ओळखून राहिली काय?" आणि तिनं मला जवळ घेतलं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. ते रडू खरं होतं. त्या वेळी सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. तिनं माझ्या हातात चहाचा कप दिला — माझ्या घरात, माझ्या चुलीवर तिनं केलेला — आणि मी तो प्यायले.

मग प्रभुभोजनाचा पहिला रविवार आला. आमच्याकडे वडील ताटं घेऊन बाकाबाकाशी जातात. एका ताटात भाकरीचे तुकडे, दुसऱ्यात छोटे छोटे पेले. माझा पहिलाच मान. पांढरं लुगडं नेसले होते. रस करुणानंच केला होता. तिला बंद केलं, पण मनुकांचं काम तिच्याकडून काढून घ्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. शनिवारी भिजवल्या, उकळल्या, गाळल्या आणि सकाळी रस झाकून आणून ठेवला.

ती तिसऱ्या बाकावर कडेला, रोजच्याच जागी. मागं जाऊन बसली असती तर मला किती सोपं गेलं असतं! मी ताट घेऊन तिच्यापाशी आले आणि पेले किणकिण वाजायला लागले. सगळं चर्च ऐकतं आहे असं वाटलं. करुणानं वर बघितलं. हसली थोडी. आणि माझ्या हातातलं ताट तिनं अलगद धरलं, स्वतःपुढून सरकवून शेजारच्या बाईपुढे केलं, तिनं पेला उचलेपर्यंत धरून ठेवलं आणि परत माझ्या हातात दिलं. सांडू नये म्हणून. सहा महिने, प्रत्येक वेळी, तिनं असंच केलं. सुचेता तिच्या बाजूला बसून बघायची. चौदा वर्षांची पोर — तिला कळत नसेल का, की आईला कशापायी मिळत नाही ते? आपण बोललो, त्यापायी.

सहा महिने संपले, करुणा पुन्हा घ्यायला लागली, लोक विसरले. ती वडील म्हणून पुन्हा कधी उभी राहिली नाही. मी तीनदा निवडून आले. निवृत्त झाल्यावर ती सुचेताकडे अकोल्याला राहायला गेली. सुचेता आता तिथं शाळेत मास्तरीण आहे, दोन मुलं आहेत, बडबडी आहे चांगली. मी एस.टी.नं जायचे महिन्याकाठी. करुणा सगळ्यांना सांगायची, ही विमल, हिनं माझ्यासाठी अशी प्रार्थना केली की माझं मोठं ओझं उतरलं. "लपवून लपवून मेली असती मी," म्हणायची. तिला खरंच तसं वाटायचं. मी काय करायचे? मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही — पण जाऊ दे, प्रयत्न कशाला म्हणू? जीभ वळवून बघणं म्हणजे काही प्रयत्न नव्हे.

मागच्या थंडीत ती आजारी पडली. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं तिचं. माझा हात धरून म्हणाली, "मातीच्या वेळी तूच करजो प्रार्थना. मोठी करजो, लाजजो नोको." मी हो म्हटलं. पाच दिवसांनी सुचेताचा फोन आला.

अकोल्याला जाताना एस.टी.त मी ठरवलं. आज सांगायचं. तिचं गुपित मी ज्या तऱ्हेनं फोडलं त्याच तऱ्हेनं माझं फोडायचं, सगळ्या मंडळीसमोर, तिच्या लेकीसमोर. आमच्या गावचे पंचवीस-तीस लोक येणार होते. खिडकीशी बसून मी शब्दही जुळवले — "हे प्रभू, तुझ्या या दासीचं नाव मी जाणूनबुजून, हेव्यानं, तुझ्या नावाआड लपून धुळीस मिळवलं." चांगलं वाक्य होतं. गळा कुठं दाटायचा ते ठरवावं लागलं नसतं.

दफनभूमीत पेटी खाली उतरवली. पाळकांनी मला खूण केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. मी सुरुवात केली. तिच्या सेवेबद्दल बोलले, दवाखान्यातल्या रात्रपाळ्यांबद्दल बोलले, पुनरुत्थानाच्या आशेबद्दल बोलले. ते वाक्य जिभेवर आलं. मी डोळे उघडून बघितलं. सुचेता माझ्या समोरच उभी होती, डोळे गच्च मिटलेले, हात जोडलेले, माझा शब्द न् शब्द ऐकत होती. मी म्हटलं, "आणि आम्हा पाप्यांना क्षमा कर." आम्हा. आम्हा म्हटलं मी! त्या आम्हामध्ये सगळे आले, पेटी उतरवणारेसुद्धा आले. मी एकटी तेवढी सुटले. सगळे आमेन म्हणाले.

माती देऊन झाली. बाया डोळे पुसत माझ्यापाशी आल्या, म्हणाल्या, विमलताई, अशी प्रार्थना ऐकली नाही. सुचेतानं मला मिठी मारली. तिच्या अंगाला ओल्या मातीचा वास येत होता. "मावशी," म्हणाली, "आईले तुमी भेटल्या, आमचं नशीब." तिनं मला घरी नेलं, आधी मला जेवायला वाढलं, मग स्वतः बसली. मी जेवले. मग तिच्या धाकट्यानं मला रिक्षानं स्टँडवर सोडलं.